पुसलेला पलंग

लग्नाला एकवीस दिवस उरले होते आणि सुताराला घास गोड लागत नव्हता. लोक म्हणत, नवरदेव लाजतोय. लाजतोय कसला, खोटं बोलून अडकला होता बिचारा!

झालं असं, की बोलणी चालू असताना सासूबाईंनी विचारलं, "आणि तुमचा दादा?" आणि ह्याने मान खाली घालून सांगून टाकलं, "तो ताईकडे जाईल." दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि समज तिथेच, सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी राहिली. दिवसभर तो धाकट्याच्या कारखान्यात बसून स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करायचा आणि मधूनच समोरच्या फळीवर तीनदा टकटक करायचा. धाकट्याने हातातलं काम न सोडता उलट तीनदा टकटक करायची. उत्तर आलं नाही, की दादाला रडू फुटायचं. ताईच्या घरी आधीच पाच माणसं. तिथे त्याला उत्तर द्यायला कुणाला वेळ होता? दादाला पाठवणं आपल्याच्याने होणार नाही, हे सुताराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण खरं बोललो तर मुलगी हातची जाईल, ह्या भीतीने त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते लागलंच.

त्यात होणाऱ्या बायकोने एका समुपदेशक बाईंचं खूळ काढलं. बाई पोस्टाच्या वरच्या मजल्यावर, चार खुर्च्यांच्या एका खोलीत, लग्न ठरलेल्या जोडप्यांना बोलतं करायच्या. आठवड्याला एक बैठक, अशा सहा. राग आला की काय करता, आजारपणात कुणी जवळ बसलेलं आवडतं का, असले प्रश्न. सुताराने चार बैठका "तुला आवडेल तसं" ह्या एका वाक्यावर मारून नेल्या. बाई नुसत्या हसायच्या. होणारी बायको हसत नव्हती, पण हे त्याच्या लक्षात आलं असतं तर आणखी काय हवं होतं!

पाचव्या बैठकीला गृहपाठ होता. भाड्याने घेतलेलं घर दोघांनी पाहिलं होतं; त्यात काय कुठे ठेवायचं, ह्याचा नकाशा दोघांनी एकमेकांना न दाखवता काढून आणायचा.

"नकाशे बदला," बाई म्हणाल्या. "समोरच्याचा नकाशा आपलाच आहे असं समजून, 'मी' म्हणत सांगायचं. ज्याचा नकाशा, त्याने पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही." आणि त्यांनी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ पाच मिनिटांवर पिळून टेबलावर ठेवलं.

ती एका कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. मापं वाचायची तिला सवय. "ही मागची मोठी खोली. इथे मी पलंग ठेवलाय, साडेसहा बाय पाच. हे माझ्या बायकोचं कपाट. मग बाथरूम. आणि त्याच्या पलीकडे ही छोटी, सामानाची खोली."

ती थांबली. तिने कागद उजेडाकडे धरला, उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. सुताराची पेन्सिल लाकडावर चालणारी. कागदावरही तो दाबूनच रेघ ओढायचा. खोडरबराने शिसं गेलं होतं, चर मात्र राहिला होता.

"इथे मी आधी एक पलंग काढला होता," ती म्हणाली. "सहा बाय अडीच, एका माणसाचा. मग पुसला."

सुताराने तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं.

"का पुसला?" बाईंनी तिला विचारलं.

"कारण मी भित्रा आहे. सासूबाईंना घाबरतो आणि बायकोला त्याहून जास्त. दादाला ताईकडे पाठवतो म्हणालो, पण पाठवणार नाही. आणि हे बारा छोटे खण पुसायचे विसरलो. दादाच्या स्क्रूंचे."

घड्याळ खणखणलं. आता बोलायची परवानगी होती.

"खरं आहे," तो कसाबसा म्हणाला. "मला नाही सोडता येणार त्याला. तुला नको असेल, तर..."

"माझा नकाशा राहिलाय अजून. वाच."

तिचा नकाशा वाकडातिकडा होता. "मी पलंग पुढच्या खोलीत ठेवलाय," तो वाचू लागला. "तिथे कोण ठेवतं पलंग? म्हणजे, मी ठेवलाय. छोट्या खोलीच्या भिंतीला लागून. आणि त्या भिंतीवर तीन ठिपके आहेत. हे खिळे..."

त्याने ठिपके बोटाने पुन्हा मोजले. खिळे नव्हतेच ते.

"पहिल्यांदा तुझ्या कारखान्यात आले होते, तेव्हा पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "तू माझ्याशी बोलत होतास आणि हात फळी वाजवत होता. तेव्हाच ठरवलं होतं, लग्न करायचं तर ह्याच्याशी. मग तू म्हणालास, ताईकडे पाठवतो. मला वाटलं, माणूस ओळखण्यात मी चुकले. म्हणून इथे आणलं तुला. पाच आठवडे वाट पाहतेय. आजही बोलला नसतास, तर मी लग्न मोडणार होते."

"आणि तुझी आई?"

"कालच सांगितलं, लग्न झालं तर दादा आमच्याकडेच राहील. रागाने जेवली नाही. आज सकाळी विचारत होती, दादाला भाजी तिखट चालते का."

सुतार ढसाढसा रडला. एवढं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाईंनी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

"मापं घेणारा माणूस तू," ती म्हणाली, "आणि मधे बाथरूम ठेवलंस. त्याची टकटक तुला ऐकू आली असती का?"

त्याने नाक पुसलं, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. "नसती आली."

"छोट्या खोलीत मी काही काढलं नाहीये. तिथला पलंग तुझ्या हातचा हवा."

सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या नकाशातल्या ठिपक्यांच्या वाकड्या भिंतीला लावून सहा बाय अडीचचा पलंग काढला, चांगला दाबून.