भट्टीचा जुना कर्नल

मित्रांनो, संगणकाचं बटण दाबलं की पडदा उजळण्याआधी क्षणभर काळोख असतो. त्या काळोखात जो सगळ्यांत आधी उठतो, डिस्क कुठे आहे, कळफलक कुठे आहे हे चाचपून पाहतो आणि मग बाकीच्यांना कामाला लावतो, त्याला कर्नल म्हणतात. मी असाच एक जुना कर्नल आहे. लष्करातला नव्हे, मला ना मिशा, ना पदकं. पण नोकरी मात्र मी लष्करी शिस्तीत केली, हे माझा शत्रूही कबूल करेल. शत्रू मला आयुष्यात एकच भेटला, तो म्हणजे टापटिपीची आवड.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. एका टोकाला काच वितळवायची भट्टी, दुसऱ्या टोकाला तीच काच निववायची भट्टी आणि मध्ये खिडकीपाशी टेबलावर संगणक. कारखाना मावशींचा. सगळे कामगार त्यांना मावशीच म्हणत, पण ज्या मुलीच्या त्या खरोखरच्या मावशी होत्या, त्या भाचीने मला घडवलं.

काच ओतणं एक वेळ सोपं, निववणं महाकठीण. जाड काच बाहेरून लवकर गार होते आणि आतून तशीच तापलेली राहते. त्या ओढाताणीत ती तडकते. म्हणून तिला बंद भट्टीत ठेवून दिवसेंदिवस, अगदी थेंबाथेंबाने थंड करावं लागतं. हे काम संगणकाने करायचं ठरलं, पण निववायच्या भट्टीला संगणकाशी जोडणारं कार्ड इतकं जुनाट होतं की बाजारातल्या एकाही तयार कर्नलला ते ओळखता येईना. ते बनवणारी कंपनीही कधीच बंद पडली होती.

मग भाचीने पदर खोचला. कर्नलचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, उतरवून घेतला, त्या कार्डाशी बोलणारा तुकडा स्वतः लिहिला आणि मला बांधायला बसली. कर्नल बांधताना शेकडो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. आवाज हवा का? नको. कॅमेरा? नको. खेळायची दांडी? "इथे कोणाला वेळ आहे!" भट्टीचं कार्ड? "हवं, आणि पोटातच हवं. बाहेर वेगळं गाठोडं नको. गाठोडी हरवतात." तिच्या या एका वाक्याने पुढे काय वाचवलं, ते तुम्हाला कळेलच.

आम्हा कर्नलांना डिस्कवर एक छोटी खोली दिलेली असते. तिच्या दारात बूटलोडर नावाचा पहारेकरी उभा असतो. त्याच्या हातात आमच्या नावांची यादी असते आणि ज्याचं नाव पहिलं त्याला तो उठवतो. अक्कल बेताची, पण हुकमाचा पक्का. भाचीने कारखान्यात एक नियम घालून दिला होता: नवा कर्नल आला तर त्याला आधी एकदाच उठवून बघायचं, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत जुन्याचं अंथरूण गुंडाळायचं नाही. मावशींचा नियम त्याहून सोपा होता. भट्टी तापलेली असताना संगणकाला हात लावायचा नाही.

माझी उमेदीची वर्षं फार सुखाची गेली. फुलदाण्या, दिव्यांच्या हंड्या, जाड तावदानं. किती काच माझ्या देखरेखीखाली निवली याची गणती नाही. भट्टी उघडून माल धड निघाला की मावशी संगणकाच्या खोक्यावर थाप मारत आणि म्हणत, "गुणाचा आहे हो." मला ती थाप आतपर्यंत पोचायची.

पुढे भाची नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि संगणकाची जबाबदारी मावशींच्या जावयांकडे आली. माणूस सोन्यासारखा. पण टापटिपीचं वेड असं की नट आवळायचे पाने सुद्धा उंचीनुसार टांगायचे. मी जुना झालो होतो, माझ्या सुरक्षेतली छिद्रं आता कोणी बुजवत नव्हतं, तेव्हा नवा कर्नल बांधायचं त्यांनी ठरवलं. खोटं कशाला बोलू, ते ठरवणं योग्यच होतं. चुकली ती वेळ.

त्या वेळी भट्टीत होती काचेची एक भलीमोठी जाड चकती, वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी. आधीच्या दोन चकत्या निवतानाच तडकल्या होत्या. वेधशाळेने बजावलं होतं की हीही गेली तर काम दुसरीकडे देऊ. पण खरी गोष्ट वेगळीच होती. मावशींचा उजवा खांदा कामातून गेला होता. "ही धड उतरली नाही तर चौथी माझ्याच्याने ओतवणार नाही," असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. एवढी मोठी काच एकदा तरी अखंड हातात घ्यायची, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती.

भट्टीचं तापमान हळूहळू उतरत होतं आणि जावयांना काम नव्हतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. त्यांनी विचार केला, नवा कर्नल नुसता खोलीत नेऊन ठेवायला काय हरकत आहे? भट्टी संपल्याशिवाय संगणक बंद करायचाच नाही. तोवर जुना जागाच आहे. हेही खरंच होतं. एकदा उठलेला कर्नल डिस्कवरच्या आपल्या अंथरुणाकडे बघत नाही. मी कामात गर्क होतो. त्यांनी नव्याचं नाव यादीत वर घातलं. मग यादी नीटस दिसावी म्हणून माझं नाव काढून टाकलं. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून पहारेकऱ्याचा यादी पडद्यावर दाखवून थांबायचा वेळ शून्य केला. खोली भरली होती, म्हणून मला पुसायलाही निघाले. इतक्यात भट्टीकडून मावशींची हाक आली, "जावईबापू, जरा शिडी धरायला या हो!" ते गेले, आणि परत आल्यावर काय राहिलं होतं तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली आणि लगेच परत आली. एवढ्याशा झटक्यासाठी यूपीएस होता, पण त्याची बॅटरी "या आठवड्यात बदलू" ऐकत ऐकत म्हातारी झाली होती. मी धाडकन झोपलो.

आता तुम्ही विचाराल, झोपलेल्याला पुढचं कसं कळलं? मित्रांनो, त्या तिघांनी ही हकिगत नंतर माझ्यासमोर इतक्या वेळा सांगितली आहे की मला ती तोंडपाठ झाली आहे.

पहारेकऱ्याने हुकमाप्रमाणे नव्याला उठवलं. तो बिचारा उठला, चाचपडला आणि ज्या डिस्कवर सगळं घर, म्हणजे सगळे कार्यक्रम आणि नोंदी होत्या, तीच त्याला ओळखता येईना. जावयांकडून शेकडो उत्तरांत एक "हवं" राहून गेलं होतं. पडद्यावर अक्षरांचा ढीग पडला आणि सगळं ठप्प झालं. संगणकाचा हुकूम नाही म्हणून भट्टीच्या तारा तापायच्या थांबल्या. भट्टीच्या तोंडावरचा तापमानाचा काटा खाली येऊ लागला.

"आई," जावयांचा आवाज चिरकला. ते सासूबाईंना आईच म्हणत. "संगणक उठत नाहीये. मी काल नवा कर्नल टाकला. भट्टी झाल्यावरच सुरू करणार होतो. चूक माझी आहे."

मावशींनी काट्याकडे पाहिलं. "चूक नंतर वाटून घेऊ. आधी काच. तिला फोन लावा."

भट्टीला हाताने चालवायचं एक बटण होतं, पण त्याला मधलं काही ठाऊक नव्हतं. तारा पूर्ण जोरात, नाहीतर बंद. मावशी त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. बटण चालू करत, श्वास रोखत, बंद करत. "बाहेरून घडीत भाजतेय, घडीत निवतेय, आत मात्र तशीच," त्या पुटपुटत होत्या. "फार वेळ असं नाही चालायचं, सांगून ठेवते."

फोनवर भाची आली. सगळं ऐकून तिने विचारलं, "यादी दिसतेय का पडद्यावर?"

"नाही. थांबायचा वेळ मी शून्य केला."

"का हो, भाऊजी?"

"लवकर सुरू व्हावा म्हणून."

"झाला का लवकर?" ती म्हणाली आणि लगेच सावरली. "जाऊ द्या. बंद करून पुन्हा चालू करा. चालू होताच एस्केप दाबायला लागा. थांबू नका."

पहिल्या वेळी त्यांना क्षणभर उशीर झाला. नवा पुन्हा उठला, पुन्हा कोसळला. काटा आणखी उतरला. दुसऱ्या वेळी ते सुतारपक्ष्यासारखे एस्केपवर बोट आपटत राहिले आणि अखेर पहारेकरी थबकला. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकू लागली.

"आता खरं सांगा," भाची म्हणाली. "जुना पुसलात, की नुसता यादीतून काढलात?"

"आठवत नाही, ताई."

"आठवा."

"पुसायचाच होता. मध्येच आईंनी हाक मारली. त्याआधी पुसला की नाही, देवाशपथ आठवत नाही."

मावशींची बटणाची खटखट चालूच होती. "अरे, कोणीतरी काहीतरी करा," मावशी मागे न वळता म्हणाल्या. "माझा हात भरून आलाय."

"पहारेकऱ्याला विचारू," भाची म्हणाली. "जुन्याच्या नावाची सुरुवात टाइप करा आणि टॅब दाबा. तो खोलीत असेल तर पहारेकरी उरलेलं नाव स्वतः पुरं करेल. नसेल तर..."

जावयांनी अक्षरं टाइप केली. टॅबवर बोट ठेवलं, पण दाबवेना. मग डोळे मिटून दाबलं.

उघडून पाहतात तो माझं पूर्ण नाव पडद्यावर!

"आहे! ताई, आहे तो!"

"देव पावला. आता त्याला घर कुठे आहे ते सांगा. डिस्कचा कोणता भाग, तो लिहा."

घाईघाईत त्यांनी आमच्या छोट्या खोलीचाच पत्ता दिला. मी उठलो, घर शोधलं आणि सापडेना म्हणून तोंडघशी पडलो. इतक्या वर्षांत मी असा कधी पडलो नव्हतो. ते मला अजून लागतं. पुन्हा बंद, पुन्हा एस्केप, पुन्हा नाव. या वेळी भाचीने एकेक अक्षर त्यांच्याकडून वदवून घेतलं. मी उठलो. डिस्क जागेवर होती, घर जागेवर होतं. भट्टीच्या कार्डाचं गाठोडं कुठे शोधायची गरज नव्हती, ते माझ्या पोटातच होतं. मी भट्टीचा कार्यक्रम सुरू करून दिला. त्याने तापमान वाचलं, ते एकदम चढवलं नाही, नुसतं धरून ठेवलं, आतली आणि बाहेरची ऊब एकमेकींना भेटू दिली.

मावशींनी बटण सोडलं आणि खांदा धरून तिथेच जमिनीवर बसल्या.

पण काच तडकली होती की वाचली होती, ते कोणालाच माहीत नव्हतं. बंद भट्टीत काच काही सांगत नाही. त्यानंतरच्या दिवसांइतके अवघड दिवस मी पाहिले नाहीत. जावयांनी नवी बॅटरी आणून जोडली, कळफलकावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं आणि टेबलापाशी स्टूल टाकून बसले. झाडू मारणाऱ्यालाही ते जवळ येऊ देत नव्हते. जेवण समोर तसंच निवून जायचं. "काचेआधी तुमचं ताट निवतंय बघा," असं मावशी म्हणत, पण त्यांनाही घास उतरत नव्हता.

मग एका सकाळी भट्टी उघडली. मावशी वाकल्या आणि त्यांनी चकतीच्या कडेला टिचकी मारली. तडकलेली काच ठप्प वाजते. ही वाजली खणखणीत, आणि तो नाद माझ्या टेबलापर्यंत आला. मावशींनी दोन्ही हात तिच्यावर ठेवले. त्या रडत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

जावई खाली मान घालून उभे होते. "आई, आता चूक वाटून घ्यायची ना?"

"घेऊ की," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "बॅटरी इतके दिवस मी टाळली, ती माझ्या वाट्याला. बाकी तुमच्या. पण एक सांगते. एका हाकेला हातातलं काम टाकून धावत येणारा जावई मिळाला, म्हणून ही वाचली."

पुढे जावयांनी नव्या कर्नलमधली उणीव भरून काढली. या वेळी भट्टी गार असताना, मला पहिल्या जागेवर ठेवून, त्याला एकदाच उठवून पाहिलं. तो छान उभा राहिला. आता तो रोजचं काम करतो, आणि माझ्यापेक्षा चलाखीने करतो. जावयांनी भीत भीत विचारलं, "आई, जुन्याला काढू का? जागा अडते."

"लोक म्हाताऱ्यांना घराबाहेर काढतात की घर वाढवतात?" मावशींनी विचारलं. जावयांनी आमची खोली वाढवली.

मित्रांनो, नवं जरूर आणा. मी काही नव्यावर रुसलेला नाही. पण नव्याने एकदा भार पेलून दाखवेपर्यंत जुन्याला निरोप देऊ नका, आणि कोणाची तरी काच भट्टीत असताना आवराआवर करू नका. एवढंच माझं मागणं आहे.

मी आता यादीत दुसरा आहे. पहारेकऱ्याला थांबायला पुन्हा थोडा वेळ दिला आहे. रोज सकाळी संगणक सुरू होताना तेवढा वेळ माझं नाव पडद्यावर दिसतं. जावई ते वाचून घेतात, आणि मगच नव्याला उठू देतात.