दोन फळ्यांमधली ओळ

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेला टेकवून धरले. उजेड आरपार आला. दोन्ही प्रोग्रॅममध्ये तोच प्रश्न होता, रांग रिकामी आहे का? आणि त्याच्या लगेच खाली पुन्हा, रांग रिकामी आहे का?

दवाखान्यातल्या रांगेचा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. पुढच्या पेशंटला आत बोलावण्याआधी बाहेर कोणी आहे का, हे एकदा विचारायचं, एवढीच गोष्ट. एकशे अठरा जणांनी एकदाच विचारलं होतं. दोघांनी दोनदा. बाहेर माणसं बसली आहेत असं कळल्यावर त्याच दमात पुन्हा ‘कोणी आहे का?’ म्हणून ओरडण्याचा खुळेपणा एखाद्याला सुचू शकतो. दोघांना आपापल्या घरी बसून सुचणं कठीण. सारखेपणा शोधणाऱ्या यंत्रानेही नेमकी ही दोनच नावं लाल करून दाखवली होती.

आपल्याच टिपणांतून ही ओळ गेली की काय, म्हणून बाईंनी टिपणंही उघडून पाहिली. तिथे ती एकदाच होती.

बाईंचा नियमांचा कागद साऱ्या विभागात प्रसिद्ध होता. वह्या हव्या तेवढ्या द्या-घ्या, प्रोग्रॅम मात्र ज्याचा त्याने लिहायचा. कोणाची मदत झाली असेल, तर त्याचं नाव पहिल्या ओळीत. चूक आपणहून कबूल केली, तर निम्मे गुण कापून विषय मिटला. उतरवलेलं सापडलं, तर दोघांनाही शून्य, तेही अख्ख्या विषयात. अकरा वर्षांत हा कागद तसूभर हलला नव्हता. मुलं पाठीमागे त्यांना ‘शून्यबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

आज मात्र शून्य लिहायला हात धजेना. कारण त्या दोघांतल्या एक होत्या काकू.

काकू पन्नाशीच्या. नकाशे काढण्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं रेघा मारलेल्या. नकाशे संगणकावर निघू लागले, तेव्हा साहेबांच्या मागे लागून एक वर्षाची रजा मिळवली आणि आपल्या लेकाहूनही लहान मुलांच्या शेजारी पहिल्या बाकावर येऊन बसल्या. शून्य पडलं तर वर्ष बुडणार, आणि दुसरी रजा काही मिळणार नव्हती. दुसरा होता मफलर. उन्हातसुद्धा गळ्याचा मफलर न सोडणारा, म्हणून मफलर.

दोघं आत आले. काकूंनी कापडी पिशवी मांडीवर घेतली. मफलर उभाच राहिला.

“बस रे,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. “ही ओळ दोघांकडे दोनदा आहे. कोणी कोणाचं पाहिलं?”

“मी नाही पाहिलं, मॅडम,” मफलर म्हणाला. “शपथ.”

“शपथ नको. ओळ कुठून आली ते सांग.”

मफलरने काकूंकडे पाहिलं. “मी तापाने पडलो होतो ना, तेव्हा काकूंची वही नेली होती. वही चालते ना, मॅडम? प्रोग्रॅम मी माझा लिहिला. त्या दोन ओळी वहीत होत्या, म्हणून मीपण दोन घातल्या.”

“आणि काकू, तुमच्या वहीत कुठून आल्या?”

“फळ्यावरून,” काकू म्हणाल्या. आवाजात ना भीती, ना तक्रार. जणू वेळ विचारली आणि त्यांनी सांगितली.

“मी असं लिहिणार नाही,” बाई म्हणाल्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? काकूंनी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून बाईंपुढे सरकवलं.

पानावर दोन चौकटी आखलेल्या होत्या, पट्टी धरून. डावा फळा आणि उजवा फळा. बाकी मुलं बाईंची टिपणं संगणकावरून उतरवून घेत आणि तासाला जांभया देत. काकू मात्र फळा जसाच्या तसा काढत. कोपऱ्यातलं ‘पुसू नये’सुद्धा होतं, आणि खडू मोडला त्या जागेचा ठिपका. डाव्या चौकटीच्या अगदी तळाशी ती ओळ होती. उजव्या चौकटीच्या माथ्यावर तीच ओळ पुन्हा.

बाई पान बघत राहिल्या. डावा फळा संपला की दोन पावलं चालून उजव्या फळ्याशी जायचं, आणि धागा तुटू नये म्हणून शेवटची ओळ वर पुन्हा लिहायची. हाताची ही सवय त्यांना कोणी शिकवली नव्हती आणि ती आपल्याला आहे, हे अकरा वर्षांत कोणी सांगितलंही नव्हतं. त्यांचे कान गरम झाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत झाली होती.

“एकच प्रश्न दोनदा, हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?”

“वाटलं ना. पण आमच्या कचेरीत दोनदा मापल्याशिवाय कोणी रेघ मारत नाही. म्हटलं, मॅडम आमच्यातल्याच दिसतात.”

मफलरला हसू आलं. ते त्याने मफलरमध्ये लपवलं.

बाईंनाही हसू आवरेना. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आपण चुकलो याचा इतका आनंद त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता. त्यांनी लाल पेन उचललं, दोन्ही कागदांवर पूर्ण गुण लिहिले आणि खाली सही केली.

“आता माझे किती कापायचे?” त्यांनी विचारलं.

काकूंनी नियमांचा कागद पिशवीतून काढून शांतपणे वाचला. “आपणहून कबूल केलं असतं तर निम्मे,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही तर सापडलात.”

दोघं गेल्यावर खोलीत बराच वेळ उजेड पडून होता. बाईंनी आपली टिपणं उघडली. एकशे वीस मुलं दर आठवड्याला वाचत ती. फळ्यावर ती ओळ चुकून दोनदा आली, एकदाच धरावी, असं त्यांनी लिहिलं. मग त्या अगदी वर गेल्या. तिथे नुसतं शीर्षक होतं. मदतीची ओळ साऱ्या जगाकडून लिहून घेणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या कागदावर ती कधी नव्हतीच.

त्यांनी लिहिलं, ‘मदत’, आणि पुढे काकूंचं नाव, आडनावासकट.

जतन केलं. पर्स उचलली, दिवा बंद केला, दाराशी गेल्या. मग परत आल्या आणि पुन्हा एकदा जतन केलं.