अक्कानं घरी ठेवलेल्या गोळ्या

माझी नणंद भागाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती डबाभर सांजोऱ्या घेऊन. औषधाची पिशवी मात्र यावललाच ठेवून आली, आणि आम्हाला बोललीसुद्धा नाही. बाकीच्या नणंदा भावजयीला छळतात, ही स्वतःला छळते.

तिचा कॅन्सर हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. वेळेवर घेतल्या की ती उठून बसते, गप्पा मारते, माझ्या पुरणाला नावं ठेवते. मनानं बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलंय. आणि आखाजीच्या सकाळी बाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. आमरसाची वाटी तशीच राहिली.

"अक्का, तुन्या गोळ्या कोठे शेतस?" यांनी विचारलं.

"घर ठेई उनू." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "या घरमा ती गोळी नको. मना भाऊ कष्टे करी सुटेल शे."

हे रावेरला केळीचे ट्रक भरायचे. पाठ गेली, डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, पण गोळी सुटेना. न मिळाली की घाम, थरथर, शिव्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी हळूहळू सोडवली, तेव्हा हीच अक्का आमच्या दारात खाट टाकून बसली होती. भावाच्या शिव्या खाल्ल्या, भावाला भाकरी भरवली. त्या उपकाराची फेड ती अशी मागत होती, की मी दुखणं सोसते, तू चांगला राहा. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली, की मी नुसतीच भांडी आपटली.

यांनी भाच्याला, हितेंद्रला, फोन लावला. त्यानं गोळ्या घेऊन यावलहून निघायचं, यांनी अमळनेरात गाठायचं. अक्का मला हळूच म्हणाली, "त्याले नको धाडू, कोकिळा." मला तरी कुठे धाडायचं होतं? पण आमच्या शिंदखेड्यात आखाजीचे पत्ते रंगलेले. त्या दिवशी यम आला तरी बाप्ये डाव सोडत नाहीत.

दुपार कलली. खोटं कशाला सांगू, यायची वेळ टळली तशी मी घाबरले. अक्का ओठ चावून पडली होती. दुखण्याचं नाव नाही. "उना का अभिमन?" एवढंच भावाचं विचारत होती.

शेवटी गाडी वाजली. हे आत आले, तोंड उतरलेलं. गोळ्यांची पुडी अक्काच्या हातात ठेवली.

"वाटमा गाडी थांबाडी," हे म्हणाले. "पुडी हातमा लिधी. लई येळ बसनू. मंग खिसामा ठेई दिधी. मोजी ले, अक्का."

माझा हात पुढे झालाच होता. अक्कानं पुडी उशाखाली सारली.

"मोजानं काय शे त्यामा? पानी लई ये."

हे पाणी आणायला वळले आणि माठापाशीच रडले. अक्कानं गोळी घेतली. थोड्या वेळानं तिचे गुडघे सैल झाले, आणि पहिलं वाक्य काय, तर पुरणात गूळ कमी पडलाय.

पुडी मी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. अक्काचा विश्वास अक्कापाशी, मी बायको आहे.

दिवेलागणीला हे माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. "अक्कानी गोळीनी येळ व्हयनी." मी एक काढून दिली. ती उघड्या तळव्यावर, सगळ्यांना दिसेल अशी धरून ते खाटेपर्यंत गेले.

अक्कानं त्यांच्याकडे न बघताच तोंड उघडलं.