टाकीचं विरजण

"अजून पाव किलो चिंच भिजव," मंदाबाईंनी गच्चीवरून सुनेला सांगितलं आणि पुढचं घमेलं ओढलं. घमेल्यात कवेलूचे, म्हणजे छपराच्या कौलांचे, तुकडे होते, बोट-बोटभर, आणि एकेका तुकड्यावर तपकिरी बुळबुळीत थर. बारा वर्षं हा थर त्यांच्या डोळ्यांत सलत होता. आज नवरा वर्ध्याला दवाखान्यात होता, मुलगा त्याच्याजवळ होता, आणि अडवायला घरात कोणी नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि काथ्या हातात घेतला.

समुद्रपूरच्या बाजारात रूपरावांचं भांड्यांचं दुकान. दुकानात पितळ चकाकतं ते ठीकच, पण घरातला साधा पळीचा दांडाही तसाच चकाकला पाहिजे, हा मंदाबाईंचा नेम. पाहुणा पाणी पिऊन पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच तो घासायला जायचा. अशा घराच्या बैठकीत रूपरावांनी पन्नाशीला दहा फूट लांबीची काचेची टाकी आणून ठेवली होती. ती नागपूरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आली, दारातून जाईना म्हणून चौकट काढावी लागली, आणि सोफा कायमचा मागच्या खोलीत गेला. ज्या घरात कधी मासा शिजला नाही, त्या घरात सतराशे लिटर पाण्यात चोवीस मासे राहायला आले. वीस रुपेरी, ताटलीसारखे चपटे, आणि चार गोरामी. गोरामी म्हणजे चांगली हातभर लांब, जाड ओठांची, सावकाश वळणारी मासोळी. बाकी पाहुणे निदान चहा पिऊन जातात, असं मंदाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

रूपराव दुकानात दिवसभर बोलत. आंदणाचा सेट घ्यायला आलेल्या पोरीच्या मावशीलाही ते हसवत. घरी आले की मात्र खुर्ची ओढून टाकीसमोर बसत आणि तासभर तोंडातून शब्द काढत नसत. मंदाबाईंना त्या टाकीचा राग होता तो या तासाचा. तरी कुठली गोरामी कोणत्या कोपऱ्यात झोपते, हे त्यांना पाठ होतं. ज्याच्यावर राग त्याची खबर आपण जास्त ठेवतो, तसंच ते.

रूपरावांच्या हृदयाचं बायपास ठरलं तेव्हा मंदाबाई चार रात्री झोपल्या नाहीत. निघायच्या दिवशी गाडीत बसताना नवरा काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं. रूपराव बोलले ते एवढंच, "मासोळ्यायले चिमूटभर दाणे टाकजो. बाकी टाकीले हात लावू नको."

छत्तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला हे सांगणं झालं. गाडी गेल्यावर त्या आधी रडल्या, मग चिडल्या. तीन दिवसांनी, ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी, त्यांनी ठरवलं की हे परत येतील तेव्हा टाकी अशी लखलखेल की यांनी तोंडात बोट घालावं. आनंदाच्या भरात माशांनाही त्यांनी मूठभर दाणे टाकले. चांगल्या दिवशी कोणी अर्धपोटी राहू नये.

टाकीच्या खाली दुसरी लहान काचेची पेटी होती. वरचं पाणी तिच्यात उतरायचं, कवेलूच्या तुकड्यांतून झिरपायचं आणि पंपाने पुन्हा वर जायचं. ते आठ घमेली तुकडे मंदाबाईंनी गच्चीवर नेले, चिंचेने आणि राखेने घासले, नळाच्या पाण्याने खळखळून धुतले. विहिरीच्या पाण्यापेक्षा नळाचं बरं, त्यात ब्लीचिंग असतं. मग दोन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून, लालबुंद झालेले तुकडे त्यांनी ओळीने लावून परत ठेवले. पाणी उतरलेली टाकी नळाच्याच पाण्याने काठोकाठ भरली. दिपालीने, म्हणजे सुनेने, फोटो काढला. खरंच देखणी दिसत होती टाकी.

दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिपालीने हाक मारली. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते आणि चार रुपेरी मासे आडवे तरंगत होते.

नवरा छाती उघडून घेऊन खाटेवर पडला आहे आणि त्याने एवढी एकच गोष्ट आपल्यावर सोपवली होती, एवढंच मंदाबाईंच्या डोक्यात घुमत राहिलं. त्यांनी मेलेले मासे ताटात काढले, फडक्याने झाकले आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. मग त्यांना प्रेमदास आठवला.

प्रेमदासचं बसस्टँडजवळ चष्म्याचं दुकान होतं. दर रविवारी तो रूपरावांकडे यायचा आणि दोघं मिळून टाकीसमोर गप्प बसायचे. त्याच्या दुकानातही चार फुटांची टाकी होती, रूपरावांनीच लावून दिलेली. तो आला, वाकून खालच्या पेटीत बघितलं, आणि एक तुकडा उचलून त्यावरून बोट फिरवलं.

"काकू, हे घासलं का तुमी?"

"चांगलं चिंच लावून घासलं," मंदाबाई म्हणाल्या. एवढं सगळं होऊनही आवाजात थोडा अभिमान राहिलाच.

"तेच तं झालं ना. थो मळ नव्हता काकू. थे जित्तं राह्यते. मासोळ्यायची घाण थे खाते, म्हणून पाणी गोड राह्यते. दिसत नाई, पण सारी टाकी त्याच्यावर चालते."

मंदाबाई खाली बसल्या. पेटीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे विरजण."

"हो, तसंच समजा."

"मंग मी विरजणाचं भांडंच घासून ठेवलं म्हणा ना."

प्रेमदासला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. पुन्हा तयार व्हायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. आपोआप व्हायचं तर महिना-दीड महिना, तो म्हणाला, आणि तोवर यातला एकही मासा वाचणार नाही. मंदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. घरातलं विरजण संपलं तर बाई रडत बसत नाही, वाटी घेऊन शेजारी जाते. त्यांनी विचारलं, "तुह्या टाकीत आमच्या घरचे तुकडे हायत ना?"

होते. सहा वर्षांपूर्वी रूपरावांनी याच पेटीतले एक घमेलं तुकडे त्याला दिले होते. प्रेमदासने त्यातले अर्धे, ओल्या पोत्यात गुंडाळून, तासाभरात आणून दिले. वर त्याने तीन गोष्टी बजावल्या. तुकडे क्षणभरही सुकू द्यायचे नाहीत. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून विहिरीचं भरायचं, नळाचं थेंबभरही नाही, कारण त्यातल्या ब्लीचिंगने विरजण मरतं. आणि चार दिवस दाणे बंद, म्हणजे घाण कमी होईल.

पहिल्या दोन गोष्टींना मंदाबाईंनी मान हलवली. तिसरीला त्यांचा जीव कळवळला. ज्या घरातून मांजरही उपाशी जात नाही, त्या घरात काचेला तोंड लावून मागणाऱ्या जिवाला नाही म्हणायचं. त्यांनी दाण्यांचा डबा दिपालीच्या कपाटात ठेवून किल्ली तिलाच दिली, कारण स्वतःचा त्यांना भरवसा नव्हता.

टाकीतलं पाणी काढायचं तर पाइपाचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात धरून ओढावं लागतं. पाणी आलं की चटकन टोक खाली सोडायचं. हे काम रूपराव करायचे आणि त्या पदराने नाक झाकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून ओढलं, तोंडभर माशांचं पाणी आलं, आणि नंतर त्यांनी चौदा चुळा भरल्या. तिसऱ्या दिवशी चार चुळांवर भागलं. पाचव्या दिवशी चूळ भरायची राहूनच गेली.

प्रेमदासने एक बाटली आणि काचेची नळी दिली होती. टाकीचं पाणी नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. रोज सकाळी त्या नळी उजेडात धरून उभ्या राहायच्या. गर्द हिरवं. पुन्हा गर्द हिरवं. रोज एखाददुसरा मासा जात होता. एक गोरामी गेली त्या दिवशी त्यांनी स्वतः जेवण केलं नाही आणि दिपालीला पित्त झालं आहे म्हणून सांगितलं.

रूपराव आयसीयूतून वॉर्डात आले तेव्हा मुलाने, प्रफुलने, व्हिडिओ कॉल लावून दिला. आवाज खोल गेला होता. दोन शब्द बोलून ते म्हणाले, "टाकी दाखव."

"आधी मले पाहा," मंदाबाई म्हणाल्या आणि फोन तोंडाजवळ आणला. "दहा दिवस झाले, बायकोचं तोंड पाहाव वाटत नाई का?"

रूपराव हसले, हसल्याने छाती दुखली, आणि प्रफुलने घाईने फोन बंद केला. वेळ निभावली. मंदाबाईंनी नवऱ्यापासून आजवर काहीच लपवलं नव्हतं असं नाही. माहेरी दिलेले डबे असोत की रक्तातली वाढलेली साखर असो, बरंच लपवलं होतं. पण आज त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी प्रफुल नागपूरला औषधं आणायला गेला होता. तिथून त्याचा फोन आला. दिपालीने त्याला सगळं सांगितलं होतं. तो माशांच्या दुकानात उभा होता, अगदी तसेच मासे मिळत होते, अकरा गेले तर अकरा बांधून घेतो म्हणाला. बाबा यायच्या आत टाकीत सोडून देऊ.

मंदाबाई नको म्हणाल्या.

"आई, डॉक्टरनं सांगतलं, मनाले धक्का बसू देऊ नका. बाबाले काही झालं तं?"

हे खरं होतं आणि त्यांना भीतीही वाटत होती. हातातली नळी त्यांनी पुन्हा उजेडाकडे धरली. आज ती फिकट पोपटी होती. पिवळी अजून नव्हती.

"विरजण आता कुठं लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. "यात अकरा तोंडं अजून घातली, तं जे वाचले थे बी जातीन. तू औषध घेऊन ये. तुह्या बाबाले मी सांगतो."

रूपराव तेराव्या दिवशी सकाळी आले. छातीला पट्टा, अंग निम्मं झालेलं. आत येताच ते टाकीकडे वळले. कोणीतरी त्यांची खुर्ची सरकवून दिली. त्यांनी बसून, बोट हलवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. मग परत मोजलं.

मंदाबाईंनी काही राखून ठेवलं नाही. चिंच, राख, नळाचं पाणी, मूठभर दाणे, कढीपत्त्याचं झाड, सगळं सांगितलं. फोनवर फसवलं तेही सांगितलं. प्रफुल बापाच्या नाडीला हात लावू की नको असा मागे उभा होता. रूपराव पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मंदाबाईंना वाटलं, आपण चुकलो, पोराचं ऐकायला हवं होतं.

"पिवळं आलं का?" रूपरावांनी विचारलं.

"आज सकाळी आलं."

"इतक्या लवकर?" त्यांनी पहिल्यांदा मंदाबाईंकडे मान वळवली. "मले दोन महिने लागले होते, मंदा. टाकी आणली त्या साली. सगळ्याच्या सगळ्या मेल्या होत्या. तू तवा वहिनीच्या बाळंतपणाले माहेरी, आंजीले गेलती. तू यायच्या आदल्या दिवशी नव्या आणून सोडल्या."

मंदाबाईंना हसावं की रागवावं कळेना. बारा वर्षं त्या ज्यांना पहिल्या दिवसापासूनचे पाहुणे समजत होत्या, ते दुसऱ्या खेपेचे निघाले होते. "मले काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"तू हासली असती," रूपराव म्हणाले. "मले हिंमत नाई झाली."

तिन्ही गोरामी काचेजवळ आल्या होत्या. रूपरावांनी काचेवर तळवा ठेवला आणि मंदाबाई त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या तासाचा राग त्यांना त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदलायची वेळ झाली. रूपराव आपणहून उठून अंगणात गेले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दोन किलोच्या वर उचलायचं नाही, वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. पाइपाचं टोक तर धरू शकतो, ते म्हणाले. मंदाबाईंनी आतून तोंडाने पाणी ओढून दिलं, आणि दिपालीने पाइप धावत नेऊन सासऱ्यांच्या हातात दिला. पाणी पालकाच्या वाफ्यात पडू लागलं.

"आलं," रूपरावांनी बाहेरून सांगितलं.

"हलवू नका," मंदाबाई आतून म्हणाल्या. "पाइप हल्ला तं खालचा गाळ वर येते. मी थांब म्हणीन तवाच सोडा."

रूपरावांनी पाइप दोन्ही हातांनी धरला आणि हलू दिला नाही.