माणसांसकट वजन

"हळू घे... अजून हातभर पुढे. बस्स!"

लॉइडने हात वर केला, तशी ऑरिनची पिकअप धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर थांबली. गाडीच्या पाठीवर नवंकोरं कॅम्पर बसवलेलं होतं. बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं असलेलं छोटं घरच ते, आजच्या शिकारीच्या प्रवासासाठी काठोकाठ भरलेलं. गव्हाचा हंगाम संपला की गावातली मंडळी असल्या गाड्या इथेच तोलून बघत, आणि खिडकीत बसणारी बर्निस कुणाला नाही म्हणत नसे.

"तूही बस की आत. माणसं धरूनच मोजायचं म्हणालास ना?" ऑरिन म्हणाला.

लॉइड मागच्या सीटवर चढला. मागच्या! बावीस वर्षं एल्क हरणांच्या शिकारीला जाताना ऑरिनच्या शेजारची जागा त्याची होती. ऑरिनची बायको वारली त्या वर्षीदेखील ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा दोघांनी चुकवला नव्हता. आता तिथे टॅड बसला होता. का, तर त्याचा गुडघा दुखतो. वसंतात सिअ‍ॅटलहून ऑरिनच्या समोरच्या घरात राहायला आलेला माणूस, आणि त्याच्या फालतू विनोदांवर ऑरिन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. लॉइडचा नुसता तिळपापड व्हायचा.

पण आज त्याच्या मनात वेगळाच बेत होता. ऑगस्टमध्ये ऑरिनने कॅम्परचं माहितीपत्रक दाखवलं तेव्हाच त्याने ओळखलं होतं. कंपनी लिहिते ते वजन कोरड्या, रिकाम्या घराचं. पाणी, गॅस, बॅटरी, डबे, बंदुका यातलं काहीच त्यात नसतं. ऑरिन ते वाचून खूश झाला होता. सगळेच होतात. सरकारी रस्तेखात्यात तीस वर्षं ट्रक चालवलेल्या लॉइडने मात्र गाडी किती वजन पेलते ते सांगणारी दाराआतली पट्टी वाचली आणि घरी जाऊन हिशेब केला. एरवी त्याने तिथल्या तिथे ऑरिनला झापलं असतं. या वेळी दोन महिने तो मूग गिळून बसला.

"दहा हजार एकशे नव्वद!" बर्निस खिडकीतून ओरडली.

ऑरिनने दार उघडून पट्टी पाहिली. सगळं धरून दहा हजार पौंड, त्याच्या वर नाही.

"अरे देवा. एकशे नव्वद जास्त?"

"पाणी ओतून देऊ," टॅड म्हणाला.

"वर डोंगरात पाण्याचा थेंब मिळत नाही," लॉइड म्हणाला. "आणि उतारावर ब्रेक तापले की काय होतं ते मी पाहिलंय. एक माणूस कमी करावा लागेल, दुसरा इलाज नाही."

"मग तू..." टॅडने मागे वळून पाहिलं.

"मी एकशे पासष्टचा. मी उतरून भागत नाही."

टॅड उतरला तरच गणित बसत होतं, हे त्याचं त्यालाच कळावं म्हणून लॉइड खिडकीबाहेर बघत राहिला. आतून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. थोडी लाजही वाटत होती, पण थोडीच.

टॅड मोठ्याने हसला. "म्हणजे माझ्या पोटाने घात केला! जाऊ दे रे ऑरिन, तुम्ही दोघं जा."

"वेडा आहेस का? काडतुसं, शिकारीचा परवाना, सगळं घेऊन बसलायस." ऑरिनने कपाळ चोळलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "तुझी गाडी घे ना! मागोमाग ये."

"मला वाट कुठे माहीत आहे? वर फोन लागत नाही म्हणता."

"मग मी बसतो तुझ्याबरोबर." ऑरिनने किल्ली काढून मागे लॉइडपुढे धरली. "तू ही घेऊन ये, लॉइड. पाठीवर एवढं घर असताना दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. तुझ्याइतकं या वजनातलं कुणाला कळतं?"

लॉइडला म्हणायचं होतं की वाट मीही दाखवू शकतो, गाडी तुझी आहे, तूच चालव. पण ऑरिनच्या डोळ्यांत असा काही विश्वास होता की त्याने हात पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला.

टॅडची गाडी रस्त्यापलीकडेच उभी होती. दोघं तिकडे चालू लागले. टॅड काहीतरी म्हणाला आणि ऑरिन हसता हसता वाकला, त्याच्या खांद्याला धरून. लॉइड पुढच्या सीटवर येऊन बसला. सीट ऑरिनच्या मापाने मागे सरकवलेली होती. त्याने ती पुढे ओढली.

"थांब, हलू नकोस! पुन्हा घेते," बर्निस म्हणाली. तिने चष्मा वर केला, आकडा वाचला, आणि खिडकीतून मान बाहेर काढून त्याला आनंदाने सांगितलं, "नऊ हजार सातशे चाळीस! काही काळजी नाही, लॉइड. अजून एक माणूस आरामात बसेल तुझ्या शेजारी."