ओलीस धरलेली शिडी

मी वीज कंपनीची शिडी बोलतेय. बोलतेय मात्र इसोकेनच्या आईच्या अंगणातून, कारण सध्या मी ओलीस आहे. काळजी नको, मजेत आहे.

माझा जन्म इथलाच, नायजेरियातल्या बेनिन शहरातल्या एका सुताराकडचा. वाटलं होतं, आंबे काढीन, चर्च रंगवीन. नशिबी आला कंपनीचा वायरमन, ओसारेटिन. मला खांबाला टेकवून तो लोकांची वीज तोडायचा. मी दिसले की बायका धडाधड दारं लावून घेत. चोराचीसुद्धा इतकी बदनामी होत नसेल!

इसोकेनची आई फ्रीझरमध्ये ठेवून बांगडे विकते. कंपनी तिला मीटर देत नाही, बिल अंदाजाने लावते. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर दोन महिने जळून पडला होता, तरी त्या दोन महिन्यांचं बिल आलं नव्वद हजार नायरा. तिने ते भरलं नाही. वीज परत आली, तिने उधारीवर फ्रीझर गच्च भरला, आणि नेमके तेव्हाच आम्ही पोचलो.

ओसारेटिनने चढून तार सोडवली.

"अरे मेल्या, माझे मासे सडतील! वीजच नव्हती, तर बिल कसलं?"

"मावशी, माझ्यावर कशाला चिडता? साहेबांनी अंदाज केला."

"अस्सं? मग माझाही अंदाज ऐक. तू संध्याकाळपर्यंत खाली येत नाहीस!"

आणि तिने मला ओढलंच. शेजारणी धावल्या. ओसारेटिन खांबाला मिठी मारून ओरडला, "मावशी, शिडी!"

"आधी तार जोड."

त्याने मुकाट्याने जोडली. त्याला उतरायला मला टेकवलं आणि तो उतरताच पुन्हा आत नेलं.

"साहेबांना सांग, मीटर आणा आणि शिडी न्या."

आता माझ्यावर कपडे वाळतात, कोंबड्या बसतात. आयुष्यात पहिल्यांदाच मला पाहून कुणी दार लावत नाही. खूप बरं वाटतं.

परवा कंपनीने वीज तोडायला पुन्हा माणसं पाठवली, नवी कोरी ॲल्युमिनियमची शिडी देऊन. बांगडे अजून कडक गोठलेले आहेत, आणि भिंतीला आता आम्ही दोघी टेकून आहोत.

साहेब, एक विनंती आहे. मीटर पाठवाल तर उत्तमच. पण तिसरी शिडीच पाठवणार असाल, तर जरा उंच पाठवा. आम्ही दोघी छपरावरच्या टाकीपर्यंत पोचत नाही.