मेणदोऱ्याच्या गाठी

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात तर तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. पेटीच्या अगदी तळाशी बसणारा काळा लोखंडी डबा, अंगात एक पंखा आणि तोंडाशी वायरी, एवढाच माझा संसार. भिंतीतली वीज फार आडदांड असते. ती जशीच्या तशी आत सोडली तर सगळे पार्ट जळून खाक होतील. मी तिला वळण लावतो आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढीच देतो. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या माणसाला घरात जेवढा मान असतो, तेवढाच मला असतो. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ऐकायला कोण बसलंय?

सध्या माझा मुक्काम कपाटावर आहे. इथून खोली छान दिसते. दिसून उपयोग काय, ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पारखण्यासाठी मला दिवसभर विजेचं पूर्ण ओझं देऊन चालवलं. माझ्या शेजारचे दोघे गरम होऊन बंद पडले आणि भंगारात गेले. मी टिकलो. मग पाठीवर एक चिकटपट्टी लागली आणि मी दुकानात आलो. तिथे मला मागच्या फळीवर टाकलं. पुढच्या फळीवर रंगीत दिव्यांचे, हलके, स्वस्त डबे मिरवत होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण गिऱ्हाईक त्यांच्यावरच भाळायचं. पॉवर सप्लायवर पैसे वाचवायचे आणि ते दिसणाऱ्या वस्तूवर घालायचे, ही पहिला कॉम्प्युटर जोडणाऱ्यांची जुनीच खोड आहे.

मला घ्यायला बापलेक आले. बाप सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा. बोटं दाभणासारखी कडक आणि सदऱ्याला कायम कुठला तरी दोरा चिकटलेला. लेक नुकतीच शाळा संपवून बसलेली. बाप तिला लाडानं ‘साहेब’ म्हणायचा. गेम खेळण्यासाठी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचा, असं तिनं ठरवलं होतं, आणि परवडेल तेवढ्यातच बसवायचं, असं आईनं बजावलं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दोघं यायची, बघायची, विचारायची आणि रिकाम्या हातानं जायची. दुकानदार त्यांना बघून कपाळाला हात लावायचा.

लेकीचा हिशेब मात्र पक्का होता. प्रोसेसर मागच्या पिढीचा घ्यायचा, कारण नवा आल्यावर जुना स्वस्त होतो. रॅमची एकच पट्टी आत्ता, दुसरी पुढे कधीतरी. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं, एका बंद झालेल्या गेमिंग पार्लरमधलं. हार्ड डिस्कसुद्धा तिथलीच. आता राहिलं कॅबिनेट, म्हणजे सगळे पार्ट ठेवायची पेटी, आणि राहिलो मी.

बाबांना एक काचेचं कॅबिनेट फार आवडलं होतं. आतून निळे-तांबडे दिवे लागायचे.

“साहेब, हेच घेऊ या. काय रुबाब आहे बघ!”

“बाबा, दिव्यांवर गेम चालत नाही.”

“गिऱ्हाईक आधी कव्हर बघतं, बाळा. इतकी वर्षं सीटा शिवतोय, मला सांगू नकोस.”

“आणि सोफा कुरकुरायला लागला की काय उघडून बघता? कव्हर की फ्रेम?”

बाबा खो खो हसले. “माझीच सुई मलाच टोचलीस की गं!”

काचेचं कॅबिनेट दुकानातच राहिलं. एका कोपऱ्यात चेपलेलं साधं पत्र्याचं कॅबिनेट आलं, आणि वाचलेल्या पैशांत मी आलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. इतक्या गर्दीत कुणीतरी मला विचार करून निवडलं होतं.

जोडणी झाली बाबांच्या दुकानात, कापड बेतायच्या लांब टेबलावर. लेक एकेक पार्ट बसवत होती आणि बाबा टॉर्च धरून उभे होते. सगळं बसल्यावर त्यांनी मागच्या बाजूनं डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“हा काय वायरींचा गुंता! असं काम मी गिऱ्हाइकाला दिलं तर तो सीट माझ्या डोक्यात घालेल.”

“बांधायला प्लास्टिकचे पट्टे दिलेत ना.”

“ते तडकतात. थांब.”

त्यांनी मेणदोरा काढला. जाड, पिवळट, मेण चोळलेला, सीटा शिवायचा तोच. हार्ड डिस्ककडे जाणारी माझी लांब वायर त्यांनी मागच्या पत्र्यालगत सरळ ओढून घेतली आणि जागोजागी बांधली. ओढली की आणखी घट्ट बसणारी अशी त्यांची गाठ होती. एक गाठ तिरकी बसली, तर त्यांनी कात्री घातली आणि ती कापून टाकली.

“अहो बाबा, चांगली होती की!” लेक हळहळली.

“गाठ कापायला काय रडायचं? दोरा भरपूर आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरी बांधली.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर ते अंगात रुतून बसलंय.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. लेक एक गाव वसवायचा गेम खेळायची. बाबा दुकान बंद करून आले की तिच्या शेजारी खुर्ची ओढायचे. त्यांना माउस नीट धरता यायचा नाही, पण गावात त्यांनी स्वतःचं सीटांचं दुकान काढलं. त्याचं दार चुकून नदीकडे उघडलं. “बरंय, उधारीवाले बुडतील,” असं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. आणि मग बाकं! रस्ता झाला की बाबा कडेला बाक ठेवणार. पूल झाला की पुलावर बाक.

“बाबा, गावात माणसं कमी आणि बाकं जास्त झालीत.”

“येतील माणसं. आली की बसणार कुठे?”

एक बाक तर त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बसणाऱ्याचं नाक भिंतीला लागेल असं. लेक इतकी हसली की आई आतून बघायला आली. “फिरवते मी ते,” लेक म्हणाली. बाबांनी हात धरला. “अजिबात नाही. रुसलेल्या माणसाला बसायला एक जागा हवी.”

हे सगळं मी तळाशी बसून ऐकत होतो. त्या गावाला वीज मीच पुरवत होतो, पण गाव कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जागेवरून फक्त पत्रा दिसायचा.

पुढे काय झालं ते सांगताना मला आजही जड जातं. एके दिवशी दुकानात कापड बेतता बेतता बाबा खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. घरात माणसं आली आणि गेली. कॉम्प्युटरकडे कुणी फिरकलं नाही. माझ्या पंख्यावर धुळीचा थर चढला.

बऱ्याच दिवसांनी लेकीनं बटण दाबलं. मला वाटलं, चला, खेळणार. पण मित्रांनो, मी वीज मोजून देणारा आहे. कोण खेळतंय आणि कोण नुसतं बघत बसलंय, हे मला ओढीवरून कळतं. खेळ सुरू असला की ग्राफिक्स कार्ड हावरटासारखी वीज ओढतं. पण त्या दिवसांत ते शांत असायचं. ती नुसती बघत बसायची. आई मागे येऊन उभी राहायची.

“ते बाक फिरवलंस का गं?”

“नाही. राहू दे.”

एवढंच बोलणं व्हायचं. बाबांचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता, फोटोही मोजकेच होते. पण त्या गावातलं प्रत्येक बाक त्यांच्या हातानं ठेवलेलं होतं. ते सगळं गाव त्या जुन्या हार्ड डिस्कवर होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

वर्षं गेली. लेक शिकली. इमारती बांधण्याआधी त्या कॉम्प्युटरवर चितारून दाखवायचं काम तिला मिळालं. त्या कामाला जुनं कार्ड पुरेना. नवं घ्यायला ती त्याच दुकानात गेली. दुकानदार काय म्हणाला ते तिनं घरी येऊन आईला सांगितलं, “हे कार्ड खादाड आहे, ताई. तुमचा जुना डबा नाही पेलायचा.” खरंच होतं ते. प्रत्येकाची वेळ येते. तिनं दुसऱ्या कंपनीचा मोठा पॉवर सप्लाय घेतला आणि त्याच पिशवीत एक नवी डिस्कही घेतली. गावाची एक प्रत काढून ठेवायची, असं तिनं बोलताबोलता आईला सांगितलं होतं.

सुट्टीच्या दुपारी तिनं माझ्या तोंडातल्या वायरी उपसल्या, मला पेटीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. नव्या डब्याच्या नव्या वायरी मदरबोर्डाला, म्हणजे मुख्य बोर्डाला लावल्या, कार्डाला लावल्या. मग डिस्कच्या वायरीसाठी तिनं मागचा पत्रा उघडला आणि तिचे हात थांबले.

मेणदोऱ्याच्या गाठी जशाच्या तशा होत्या.

तिनं कात्री आणली. दोऱ्याखाली सरकवली. मग बाहेर काढली. एका गाठीवरून अंगठा फिरवला. “राहू दे,” ती स्वतःशीच म्हणाली. जुनी वायर जागेवरच ठेवून तिनं तिचं मोकळं टोक नव्या डब्यात खुपसलं. ते बरोबर बसलं. टक्‌ असा आवाजही आला.

मित्रांनो, आता नीट ऐका. आम्हा डब्यांच्या वायरींची तोंडं सारखी दिसतात, पण कोणत्या पिनेतून कोणती वीज सोडायची ते प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. माझी वायर मलाच चालते. दुसऱ्या डब्यात ती बसते, पण भलतीच वीज भलतीकडे नेते. हे तिला माहीत नव्हतं. परवडणाऱ्या पार्टांचा एवढा अभ्यास केलेली हुशार पोर, पण तेव्हा तिला वायर दिसतच नव्हती. गाठीच दिसत होत्या.

मी हातभर अंतरावर पडलो होतो. थांब म्हणून ओरडावंसं वाटलं. पण विजेविना मी म्हणजे नुसतं लोखंड. तिनं बटण दाबलं. आत बारीकसा चट्‌ आवाज झाला आणि जळका वास सुटला. नवं कार्ड चालू झालं, पंखे फिरले, पडदा उजळला. सगळं उत्तम चालत होतं. फक्त हार्ड डिस्क गप्प होती.

ती डिस्क घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे धावली. काही दिवसांनी परतली तेव्हा डिस्क हातातच होती.

“काय म्हणाला?” आईनं विचारलं.

“वरचा बोर्ड बदलून बघितला म्हणे. आतलंही गेलंय.” ती खुर्चीत बसली. “प्रत ठेवली होती का, असं विचारलं त्यानं.”

नवी डिस्क अजून पिशवीतच होती, खोक्याचं सीलही न तोडलेली.

मग तिनं झालेलं सगळं सांगितलं. “आई, मला गाठी कापवल्या नाहीत. बाबांनी बांधलेल्या. म्हणून ती वायर ठेवली, आणि तिनंच...”

आई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “अगं वेडे,” ती म्हणाली, “जुनी सीट आली की त्यांचं पहिलं काम काय असायचं? कराकरा दोरे कापायचे. त्यांनी कधी दोरा जपला? तुला कापता आला नाही, पण ते असते तर त्यांनीच कापला असता गं.”

त्या दिवशी लेकीनं कात्री घेतली आणि एकेक गाठ कापली. मग मला कपाटावर चढवलं आणि वायर सोडवून, गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. मेणामुळे दोऱ्याचे बारके तुकडे वायरीला अजून चिकटलेले आहेत.

पुढच्या सुट्टीला तिनं नव्या डिस्कवर नवं गाव वसवायला घेतलं. मी कपाटावर होतो, त्यामुळे पडदा मला पहिल्यांदाच समोर दिसत होता. नदी आली. सीटांचं दुकान आलं, त्याचं दार नदीकडे. मग बाकं. ती आठवून आठवून ठेवत होती. शेवटी एक बाक तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्याच्याकडे ती बघत राहिली. चूक अगदी तशीच होती, पण ती बाबांनी केलेली नव्हती. तिनं ते बाक काढून टाकलं आणि कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर ते गाव तिनं पुन्हा उघडलं नाही. आता ती त्या पडद्यावर फक्त कामाच्या इमारती काढते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी तुमचा पहिला कॉम्प्युटर जोडाल. बेतात बसेल तेच घ्या, वापरलेलं घ्या, चेपलेलं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण ज्या डब्याची वायर त्यालाच लावा, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत आजच काढा, नवा पार्ट बसवण्याआधी. आपल्या माणसाची आठवण कशात आहे ते ओळखून तेवढंच जपा. दोरा भरपूर असतो.

मी मात्र अजून धडधाकट आहे. माझी वायर माझ्याजवळ आहे. कुणी बटण दाबलं तर आजही मी त्या गावाला अखंड वीज देईन. पण ज्या गावाला मी इतकी वर्षं उजेड दिला, ते मला एकदाही बघायला मिळालं नाही.